शाहीनचं रक्त

चि. ईशान आणि चि. रेवा,

मी कुवेतहून परत आल्यावर तुम्ही फोनवर पहिला प्रश्न विचारलात, "आजी, उंटावर बसलीस का?" नाही बसले. उंट पुष्कळ पाहिले. रस्त्याच्या कडेला उभे असलेले पाहिले, पिकअपच्या मागे गुडघे दुमडून बसलेले पाहिले, आणि एक तर सिग्नलला शेजारच्या गाडीतून माझ्याकडे टक लावून बघत होता. पण त्या दोन महिन्यांतलं माझ्या मनात राहिलं आहे ते घोड्याचं. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून नाशिकला येऊन, सामान जागच्या जागी लावून, मग लिहायला बसले आहे. तुम्ही आता शाळेत जीवशास्त्र शिकता, तेव्हा नर, मादी, वीण हे शब्द मी टाळणार नाही. हकीकत फारशी आनंदाची नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

फिंतास

माधुरीआत्याचं घर फिंतासला, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गच्चीतून पाणी दिसतं, पण खिडक्या उघडायची सोय नाही, कारण वारा सुटला की पिठासारखी बारीक धूळ घरात येते आणि चहाच्या कपातसुद्धा उतरते. खाली कोपऱ्यावर एका इराण्याची भट्टी आहे. सकाळी तिथून खुबूस आणायचे, म्हणजे भट्टीतल्या मोठ्या गरम रोट्या. वर्तमानपत्रात गुंडाळून हातात देतात. मी ते पिठल्याबरोबर खाल्ले आणि मला फार आवडले. माधुरी म्हणाली, "आई, हे इथल्या कुणाला सांगू नकोस."

माधुरी मिरकाबमधल्या एका ऑफिसात जाते, ती सकाळीच निघायची. मग दिवसभर मी एकटी. म्हणून विनायककाका एक दिवस म्हणाले, "आई, घरात बसून काय करायलात? चला माझ्यासंगं वफ्राला. शेतं बघा, घोडे बघा."

विनायककाका, म्हणजे माझे जावई, परभणीकडचे, जनावरांचे डॉक्टर आहेत. तिथे त्यांचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचा व्हिसा आहे तो मालक, अबू नासेर नावाचा म्हातारा. त्याचं वफ्राला शेत आणि तबेला आहे. कफील नाराज झाला तर माणसाला देश सोडून घरी यावं लागतं. हे मला माधुरीने पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं, स्वयंपाकघरात, हळू आवाजात. कारण तेव्हा तिच्या घरात तीच काळजी चालली होती.

काळजी अशी होती. अबू नासेरकडे शाहीन नावाचा एक अरबी घोडा होता. त्याच्या वंशाची ख्याती सगळ्या देशात. लांबून लांबून लोक आपल्या घोड्या त्याच्याकडे फळवायला आणत. पण त्याची काही शिंगरं जन्मतः ठणठणीत असायची आणि दीड-दोन महिन्यांची झाली की खोकून खोकून मरायची. विनायककाकांनी शाहीनचं आणि तबेल्यातल्या काही घोड्यांचं रक्त अमेरिकेत तपासायला पाठवलं होतं. उत्तर आलं ते वाईट होतं. शाहीनच्या रक्तात एक दोष आहे. त्याला स्वतःला त्याचा काहीच त्रास नाही. पण घोडीच्या रक्तातही तोच दोष असेल, तर त्यांच्या चार शिंगरांतलं एखादं अंगात रोगाशी लढायची ताकदच नसलेलं जन्मतं. आईचं दूध पितं तोवर आईच्या ताकदीवर जगतं, आणि मग साधी सर्दीसुद्धा त्याला पुरते.

"सांगितलंस त्याला?" मी विचारलं.

"तीनदा सांगितलं," विनायककाका म्हणाले. "ऐकनातच ते. म्हणतात, माझ्या बापाच्या घोड्यात खोट काढतोस?"

शुवैखहून वफ्राला

वफ्रा दक्षिणेला, पण आधी आम्ही उलट्या दिशेला शुवैखला गेलो. औषधं घ्यायची होती आणि एका लाकडाच्या कारखान्यातून रघू मेस्त्रींना उचलायचं होतं. ते कुडाळकडचे सुतार. तबेल्याचे दरवाजे, गव्हाणी, सगळं त्यांच्या हातचं. घोड्यांची ने-आण करण्यातही ते तरबेज झाले होते. बायको-मुलं गावी. मला पाहिल्याबरोबर त्यांनी पुढची सीट सोडली आणि मागे फळ्यांशेजारी बसले.

"काकी, शाहीन बघूक चलल्यात? तो घोडो न्हय, जावय आसा. खाता, पिता नि कोणाचा आयकणा नाय."

"मेस्त्री, जावई गाडी चालवतोय," विनायककाका म्हणाले.

"म्हणान तर मागे बसलंय!"

एवढंच हसू त्या प्रवासातलं. अहमदीच्या पुढे गेलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सपाट वाळू, आणि त्या वाळूत मधूनमधून मोठाले काळे डाग दिसतात. युद्धात तेलविहिरी पेटल्या तेव्हा सांडलेलं तेल तिथे साचलं आणि वाळून डांबरासारखं घट्ट झालं. आठ वर्षं झाली तरी ते तसंच आहे. एका डागात पक्षी अडकून मेलेला होता, फक्त एक पंख वर आलेला. कडेला तारेचं कुंपण आणि कवटीचं चित्र काढलेली पाटी होती. विनायककाका म्हणाले, सुरुंग काढून झालेत, पण वाळू सरकते, म्हणून रस्ता सोडून कुणी चालत नाही.

आणि मग एकदम हिरवं. वफ्रा म्हणजे विहिरींच्या खारट पाण्यावर पिकवलेला शेतांचा पट्टा: टोमॅटो, काकडी, लसूणघास, कोंबड्यांच्या लांबच लांब शेड. आपल्याकडे हिरव्याची सवय असते, तिथे त्याच्याकडे पाहत राहावंसं वाटतं.

अबू नासेर फाटकातच उभा होता. उंच, सडपातळ, एका डोळ्यात फूल पडलेलं. त्याने मला हिंदीत विचारलं, "अम्मा, बंबई से?" त्याचे वडील जहाजातून मुंबईला घोडे नेऊन विकत. लहानपणी तोही गेला होता, भायखळ्याच्या तबेल्यांत राहिला होता. जेवताना त्याने मला तिथल्या गल्ल्या विचारल्या. मी नाशिकची, मला त्यातली एकही धड सांगता आली नाही.

जेवणाचंही तसंच झालं. भाताच्या परातीवर अख्खं बकरं होतं. मी शाकाहारी आहे हे कळल्यावर त्याच्या बायकोने, उम्म नासेरने, कपाळावर हात मारला आणि मटण बाजूला सारून खालचा भात मला वाढला. त्यांच्या मते आता तो शाकाहारी झाला होता. मी खजूर आणि दही खाल्लं.

मग शाहीनला बाहेर आणलं. मला घोड्यातलं काही कळत नाही. पण तो पांढरा घोडा शेपूट उचलून उन्हात आला तेव्हा मी उठून उभी राहिले, शाळेत पाहुणे आल्यावर राहायचे तशी. युद्धात सैनिक शेतावर आले, तेव्हा अबू नासेरने त्याला कोंबड्यांच्या शेडमध्ये अंधारात लपवून ठेवलं होतं. शिळ्या रोट्या आणि खजूर घालून जगवलं. बाकीची जनावरं नेली गेली, काही दारातच मारली गेली. हा एक नर उरला. युद्धानंतर ज्याच्या ज्याच्याकडे एखादी घोडी वाचली होती, तो तो ती घेऊन अबू नासेरकडे आला, आणि त्याने कुणालाही नाही म्हटलं नाही.

"किती घेतात एका वेळचे?" मी विचारलं.

म्हाताऱ्याला ते कळलं. तो माझ्याकडे वळला. "अम्मा, घोड़ा बेचो. घोड़े का पानी मत बेचो. हराम है. दुश्मन का घोड़ी दरवाजे पे आया, तो भी ना नहीं बोलना."

म्हणजे शाहीनला तो फुकट देत असे. पाहुण्याची घोडी, तिचा चारा, मोतद्दाराचं जेवण, सगळं त्याच्याकडे. इतकं मोठं मन मी क्वचित पाहिलं आहे. आणि परत येताना विनायककाका म्हणाले ते खरं होतं: पैसे घेतले असते तर चार घोड्या आल्या असत्या. फुकट दिला म्हणून दोष शेतोशेती गेला. त्यातून आलेल्या बहुतेक घोड्या शाहीनच्याच बहिणींच्या लेकी-नाती. आपल्याकडे सोयरीक जुळवताना गोत्र वेगळं बघतात, तिथे घोडा-घोडी जितकी जवळच्या रक्ताची तितकं बीज शुद्ध मानतात. पण आपण फार शहाणे आहोत असं समजू नका. मुलीला फिट्स येतात हे लपवून लग्न लावून दिलेली दोन घरं मला नाशिकमध्येच माहीत आहेत.

त्याच दिवशी माझ्या हातून एक चूक झाली. तबेल्यात शाहीनचं सव्वा महिन्याचं शिंगरू होतं, राखी रंगाचं, पाय लांब आणि गुडघे गाठीसारखे. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "बहुत सुंदर! कितना सुंदर बच्चा है!"

उम्म नासेर घाईघाईने काहीतरी पुटपुटली. बाहेर आल्यावर रघू मेस्त्रींनी मला बाजूला घेतलं. "काकी, आधी माशाल्ला म्हणूचा असता. नायतर दिष्ट लागता म्हणतत."

वफ्रा, दुसऱ्यांदा

दहाएक दिवसांनी आम्ही परत गेलो तेव्हा शिंगरू खोकत होतं. नाकातून पिवळं पाणी, डोळे मिटलेले. आईच्या पोटाखाली उभं होतं, पण दूध पीत नव्हतं. विनायककाकांनी तपासलं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. तबेल्यातल्या रक्ततपासणीत त्याची आईही दोषाची निघाली होती.

नेमका त्याच दिवशी उत्तरेकडून, अब्दलीहून, अबू फहाद नावाचा पाहुणा आपली घोडी घेऊन आला होता. जाडजूड, मोठ्याने बोलणारा, हसरा माणूस. त्याची घोडी म्हणजे शाहीनच्या बहिणीची नात. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला शाहीन दाखवायचं ठरलं होतं.

विनायककाका अबू नासेरला घेऊन विहिरीमागे गेले. मी अंगणात गालिच्यावर बसले होते, तिथून दोघं दिसत होते. विनायककाका हात जोडल्यासारखे करून बोलत होते. म्हातारा ऐकत होता, आणि मग त्याने एकदा, फक्त एकदाच, माझ्याकडे पाहिलं.

विनायककाका परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "आई, तुमच्यावर आलंय. म्हणतात, शिंगराला नजर लागली. तोंडाने तुमचं नाव घेईनात, पाहुण्या आहात ना. पण मनात तेच आहे."

थोड्या वेळाने उम्म नासेर एक परात आणि तांब्या घेऊन आली. संकोचाने तिची मान खाली होती. तिने खुणेने मला हात आणि तोंड धुवायला सांगितलं. रघू मेस्त्रींनी उलगडा केला: ज्याची दृष्ट लागली त्याने हात-तोंड धुतलेलं पाणी जनावराच्या अंगावर शिंपडलं की दृष्ट उतरते. आपल्याकडे मीठ-मोहऱ्या ओवाळतात, तसलंच.

"आई, धुऊ नका," विनायककाका म्हणाले. इतक्या चढ्या आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. "तुम्ही हात धुतलात की दृष्ट खरी झाली. मग माझं रक्त-बिक्त कोण ऐकणार? उद्या ती घोडी बाहेर काढतील."

"आणि नाही धुतले तर?"

"तर..."

"तर शिंगरू मरेल, आणि ते माझ्या हट्टामुळे मेलं असंच हे लोक जन्मभर म्हणतील. तुझं रक्त तेव्हाही कुणी ऐकणार नाही. विनायक, त्यांना एक कारण दिसतंय ना? ते आधी संपू दे."

मी परातीत हात धुतले, तोंड धुतलं, कोपरापर्यंत धुतलं, काही राहिलं असं कुणी म्हणू नये म्हणून. उम्म नासेरने ते पाणी एक थेंब न सांडता उचललं आणि जाताना माझ्या हाताचं चुंबन घेतलं. तिला माझा राग नव्हता. तिला शिंगरू जगायला हवं होतं. विनायककाका उठून गाडीपाशी गेले आणि अंधार पडेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

अबू नासेरने आम्हाला जाऊ दिलं नाही. माझी झोपायची सोय बायकांच्या खोलीत केली, वर जाड गोधडी दिली.

पहाटे बांग झाली तेव्हा मी जागी झाले आणि पहिला विचार मनात आला तो तुम्हाला सांगते, कारण तो सोडून ही हकीकत सांगता येणार नाही. मला वाटलं, ते शिंगरू अजून जिवंत असेल तर पाण्याने गुण आला म्हणतील आणि घोडी बाहेर काढतील. मी अंथरुणात पडून एका दीड महिन्याच्या जिवाच्या मरणाची वाट पाहत होते.

ते मेलेलं होतं. आई त्याला नाकाने ढकलत होती. त्याच्या मानेवरचे केस अजून ओले होते, माझ्या पाण्याने. रघू मेस्त्री फळीवर बसून होते, त्या दिवशी त्यांना एकही विनोद सुचला नाही. "रातभर ह्याच्या बाजूक होतंय," ते म्हणाले. "श्वास घेऊक मिळाक नाय त्याका."

अबू नासेर आला. शिंगरापाशी उकिडवा बसला आणि त्याने त्याचा कान दोन बोटांत धरला. मग त्याने मान वर न करता विचारलं, "डॉक्टर. पानी अम्मा ने पूरा दिया?"

"पूरा दिया, बाबा."

"मैं देखा," तो म्हणाला. "पूरा दिया." मग तो उठला आणि अंगणात गेला.

अंगणात अबू फहादची घोडी तयार होती. अंग धुतलेलं, शेपटीला पट्टी गुंडाळलेली. तबेल्यातून शाहीनला तिचा वास आला होता आणि तो दारावर लाथा मारत होता. पुढचं बोलणं अरबीत झालं. विनायककाका माझ्या कानाशी हळू आवाजात सांगत होते.

अबू नासेर म्हणाला, "घोडी घरी ने. शाहीन मिळणार नाही."

अबू फहाद आधी हसला. मग त्याचं हसू गेलं. घोडीला नर नाकारणं म्हणजे तिच्या कुळाला नावं ठेवणं, असं तिकडे मानतात. आणि तेही घरी आलेल्या पाहुण्याच्या घोडीला.

"माझी घोडी तुझ्या घोड्याच्या तोलाची नाही?"

"तिची आजी माझ्या बापाच्या तंबूत जन्मली आहे."

"मग लोकांना काय सांगू? अबू नासेरने मला दारातून परत पाठवलं?"

इथे म्हाताऱ्याला गप्प राहता आलं असतं. लोकांनी त्याला कंजूष म्हटलं असतं, लहरी म्हटलं असतं. पण पाहुणा आपल्या घोडीचा अपमान उरात घेऊन गेला असता, आणि तेवढं मात्र त्याच्याने झालं नाही. तो सगळ्या मोतद्दारांसमोर मोठ्याने म्हणाला, "खोट माझ्या घोड्यात आहे. रक्तात. आत पडलंय ते शिंगरू त्यानेच मेलं. आधीचीही त्यानेच."

अबू फहादने माझ्याकडे बोट केलं. त्याच्याही कानावर आलं होतं. "हिंदी बाईची नजर लागली म्हणत होते ना?"

"तिने पाणी दिलं. शिंगरू मेलं. आता तिला काही म्हणू नकोस."

अबू फहाद म्हणाला, आणि त्याचा आवाज अगदी लहान झाला होता, "माझ्याकडे शाहीनचा मुलगा आहे. मी तो वर्षभर सगळ्या अब्दलीत देतोय. तुझ्यासारखाच. फुकट."

घोडीला गाडीत चढवलं. ती निघाली तसा शाहीन आतून ओरडला, आणि ती दिसेनाशी झाली तरी ओरडत राहिला. घोड्याचं खिंकाळणं आपण वरातीत ऐकतो. ते हे नव्हे.

मला वाटलं, आता विनायककाकांना घालवून देतील. पण म्हाताऱ्याने घरात जाऊन स्वच्छ दिशदाशा, म्हणजे पायघोळ झगा घातला, डोक्याचा रुमाल नीट बांधला आणि तो आमच्या गाडीत पुढे येऊन बसला. "डॉक्टर, तुम अम्मा को छोड़ने जाता है ना? रास्ते में रुकेगा."

परतीची वाट

थांबलो ते जवळच्याच एका शेतावर. तिथला मालक अबू नासेरच्याच वयाचा होता. दोघांनी एकमेकांच्या नाकाला नाक लावलं, जुन्या मित्रांची तिकडे तशीच रीत आहे. गालिचा बाहेर उन्हात घातला. मी गाडीतच बसले, दार उघडं ठेवून. यजमानाने कौतुकाने आधी घोडा दाखवायला आणला. मी ओळखला. तीच शेपूट, तीच मान. शाहीनचा मुलगा.

कॉफी आली. अबू नासेरने पेला घेतला आणि न पिता समोर जमिनीवर ठेवला. विनायककाकांनी मला नंतर सांगितलं: मागणं घेऊन आलेला माणूस असं करतो. यजमान "पी, तुझं काम झालं" म्हणेपर्यंत तो पेल्याला हात लावत नाही. आणि चांगला यजमान मागणं काय ते ऐकायच्या आधीच तसं म्हणतो.

हाही म्हणणारच होता. तो हसत पुढे वाकला होता. पण अबू नासेरने हात वर करून त्याला थांबवलं, आणि आधी सगळं सांगितलं. बोलताना त्याने दोनदा विनायककाकांकडे पाहिलं, शब्द बरोबर आहेत ना हे विचारल्यासारखं. मागणं एवढंच होतं: या घोड्याचं रक्त तपासून घे, आणि तोवर तो कुणाला देऊ नकोस.

यजमान आपल्या घोड्याकडे बघत राहिला. मोतद्दाराने कॉफीचं भांडं घेऊन एक फेरी मारली, अबू नासेरचा पेला भरलेलाच आहे हे पाहिलं आणि तो मागे सरला. "पी" हा शब्द आला नाही.

शेवटी अबू नासेर उठला, सलाम करून गाडीत येऊन बसला. विनायककाकांनी गाडी सुरू केली आणि फिंतासच्या रस्त्याकडे वळवायला लागले.

"नहीं," म्हातारा म्हणाला आणि त्याने उलट बाजूला, पुढच्या शेताकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेकडे बोट दाखवलं. "अम्मा, घर जाने में देर होगा."

मी म्हटलं, होऊ दे.